मोरोक्कोचा बर्बर गालिचा आपल्या घरात: कोणता घ्यावा, कुठे घालावा, कसा सांभाळावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोरोक्कोची सहल ठरली आहे आणि तिथून हाताने विणलेला बर्बर गालिचा आणायचा आहे. घर पुण्यात, दोन बेडरूमचा फ्लॅट. हॉल दहा बाय सोळा फुटांचा, जमिनीवर बेज रंगाच्या चकचकीत फरश्या, सागवानी सोफा, रांगतं बाळ आणि खाली मांडी घालून बसायला आवडणारे सासू-सासरे. मनात भरलाय तो फोटोत दिसणारा पांढरा, जाडजूड, काळ्या रेघांच्या चौकटींचा गालिचा. तो शोभेल का, पावसाळ्यात टिकेल का, आणि बाजारात फसगत कशी टाळायची?

मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते आणि मोरोक्कोतल्या विणकर बायकांकडून गालिचे मागवून ते इथल्या घरांत घालण्याचा मला बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. म्हणून आधी माझं मत सांगते. गालिचा मोरोक्कोतूनच आणा, अमाझिग बायकांनी विणलेलाच आणा (बर्बर लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात), पण हॉलसाठी तो पांढरा जाड गालिचा आणू नका. सपाट विणीचा किंवा आखूड लवेचा घ्या (लव म्हणजे गालिच्यावर उभे राहिलेले लोकरीचे धागे).

त्या पांढऱ्या गालिच्याला बेनी ओराइन म्हणतात. मध्य ॲटलास पर्वताच्या ईशान्य भागातल्या अनेक मेंढपाळ टोळ्यांचं हे सामाईक नाव. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं. हे गालिचे मुळात दिवाणखान्यात घालायला विणलेच नव्हते. ते अंथरायला आणि पांघरायला होते, आणि पांघरताना लव अंगाच्या बाजूला येत असे. लांब लवेत हवा अडकते आणि ऊब धरून राहते, हाच त्यांचा गुण. लोकर न रंगवलेली, मेंढीच्या अंगावरची, आणि काळ्या-तपकिरी रेघासुद्धा बहुतेक वेळा काळ्या मेंढीच्या लोकरीच्याच. पुण्याच्या मे महिन्यात आणि जुलैच्या दमट हवेत हाच गुण अंगाशी येतो. लवेत ऊब राहते तशी ओलही राहते, आणि बाळाने सांडलेला पोह्यांचा चुरा तर आत गेला की गेलाच.

विसाव्या शतकात ल कॉर्ब्युझिए, अल्वार आल्टो यांसारख्या वास्तुरचनाकारांना हे गालिचे फार आवडले आणि तिथून ते जगभरच्या मासिकांत गेले. त्या खोल्यांचे फोटो नीट पाहा. उघडं लाकूड, काँक्रीट, मोठी काच, मोजकं फर्निचर. गालिचा उठून दिसतो कारण खोलीत दुसरं कुणी बोलत नाही. शोकेस, टीव्ही युनिट, नक्षीदार पडदे आणि फॉल्स सीलिंगमधले निळे दिवे तसेच ठेवून मध्ये तो गालिचा टाकला, तर फोटोतलं काहीच घरात येत नाही.

मग घ्यायचं काय? माझी पहिली पसंती ताझनाख्तला. वारझाझात शहराच्या नैर्ऋत्येला, सिरुआ डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे आणि आजूबाजूच्या आयत वावझगित टोळ्यांची विणकाम हीच ओळख आहे. सिरुआच्या मेंढीची लोकर लांब धाग्याची आणि चमकदार असते. आखूड लवेचे गालिचे, पूर्ण सपाट विणीचे झनाफी, आणि एकाच तुकड्यात सपाट पट्टे, लवेचे पट्टे आणि पिळाची वीण एकत्र आणणारे ग्लावा असे सगळे प्रकार इथे मिळतात. ग्लावा हातात घेऊन पाहाच. बोट फिरवलं की कुठे खरबरीत, कुठे मऊ, कुठे दोरीसारखी उभार वीण लागते. आपल्या हॉलसाठी हा प्रकार फार सोयीचा, कारण एकूण जाडी कमी, झाडायला सोपा, आणि मांडी घालून बसलं तरी पायाला टोचत नाही.

रंगांत मंजिष्ठ, मेंदी, डाळिंबाची साल, नीळ यांची परंपरा आहे. शेजारच्या तालिविनला केशराची शेती होते, त्यामुळे प्रत्येक पिवळ्या गालिच्याला दुकानदार ‘केशराचा रंग’ म्हणतो. केशराचा भाव आठवा आणि पुढे चला. पिवळा रंग साध्या वनस्पतींचा किंवा रासायनिक असतो, आणि चांगला रासायनिक रंग असण्यात काही कमीपणा नाही. तो पक्का असला म्हणजे झालं.

उत्तरेकडे खेमिसेतच्या आसपास झेमूर टोळीचे हनबेल मिळतात. सपाट वीण, गडद लाल पट्टे, आत बारीक पांढरी-काळी नक्षी. सागवानी फर्निचरखाली हा लाल रंग इतका आपलासा वाटतो की खोली वर्षानुवर्षं तशीच होती असं वाटावं. फक्त पालथ्या बाजूला धागे मोकळे लोंबत असतात, त्यात खुर्चीचा पाय अडकू देऊ नका. बूजादचे गुलाबी-केशरी गालिचे सुंदर असतात, पण ते खोलीचा ताबा घेतात. एका भिंतीएवढी मोकळी जागा असेल तरच. अझिलालचे, म्हणजे उच्च ॲटलासचे, पांढऱ्यावर रंगीत मनमोकळ्या आकृत्यांचे असतात. लव मध्यम असते. बेडरूमला चालतील.

बाळाच्या खोलीसाठी बुशरवीत पाहा. जुने कपडे फाडून, त्यांच्या चिंध्यांच्या गाठी मारून केलेला गालिचा. लोकर महाग झाली, मेंढ्या कमी झाल्या, तशा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायकांनी घरातल्या चिंध्या मागावर घेतल्या. आपल्या गोधडीमागे जी गरज आणि जी हौस आहे, तीच यामागे आहे. सुती चिंध्यांचा घ्या. त्यात नायलॉन आणि चमकी धागेही असतात, ते पायाला लागतात.

आता विणकामाबद्दल थोडं, कारण ते पाहिल्याशिवाय किंमत कशाची द्यायची ते कळत नाही. माग उभा असतो, घरातच, भिंतीलगत. बाई खाली बसते. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, दोन धाग्यांभोवती लोकर गुंडाळून गाठ, लगेच सुरीने कापायचं, पुढची गाठ. ओळ संपली की बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे भरायचे आणि लोखंडी फणीने ठोकून बसवायचे. बेनी ओराइनमध्ये गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याच्या अनेक ओळी असतात, म्हणून तो लवचीक आणि मऊ पडतो. समोर कागद नसतो, नकाशा नसतो. एका विणकर बाईच्या मागावर मी पाहिलं की चौकटी खालपासून वर येता येता हळूहळू लांबट होत गेल्या होत्या, आणि अर्ध्यावर तपकिरी लोकर संपल्यामुळे पुढची रेघ राखाडी झाली होती. तिने ती लपवली नव्हती. उलट दोन ओळी दोन्ही रंग आलटून पालटून घेऊन सांधा जुळवला होता. आपल्याकडचे ग्राहक अशा ठिकाणी बोट ठेवून ‘डिफेक्ट आहे, कमी करा’ म्हणतात. मला विचाराल तर तोच भाग सोफ्याखाली न जाता समोर येईल असा गालिचा घाला.

तिथल्या समजुतीप्रमाणे लोकरीत बरकत असते. माग हा जिवंत मानतात, आणि काही भागांत गालिचा कापून उतरवताना त्यावर पाणी शिंपडतात. चौकट, नागमोडी रेघ, डोळा अशा आकृत्या दृष्ट लागू नये म्हणून किंवा बाईपणाच्या, मातृत्वाच्या खुणा म्हणून येतात हे खरं आहे. पण गावागणिक आणि हातागणिक अर्थ बदलतो. दुकानदार प्रत्येक त्रिकोणाचा अर्थ घडाघडा सांगू लागला, की ती विक्रीची कला समजा. डोळ्याला काय आवडतं ते पाहून निवडा.

सहलीला निघण्यापूर्वी एक काम नक्की करा. हॉलमध्ये जमिनीवर कागदी चिकटपट्टीने गालिच्याचा आकार आखा आणि दोन-चार दिवस त्यावरून वावरा. तुमच्या हॉलला साधारण १७० बाय २४० सेंटिमीटर पुरेल. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर, मागचे फरशीवर. समोरच्या बाजूला फूट-दीड फूट फरशी मोकळी दिसू द्या, नाहीतर खोली कोंदट वाटते. दार आत उघडत असेल तर ते गालिच्याला घासतं का तेही पाहा. मापाचा कागद आणि हॉलचे दिवसा काढलेले फोटो सोबत न्या. बाजारात, चहा पितापिता, तीस गालिचे पायाशी उलगडल्यावर आपल्या खोलीचा आकार डोक्यात राहत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा: जुने गालिचे अरुंद आणि लांब असतात, कारण मागाची जेवढी रुंदी तेवढाच गालिचा. आपल्या हॉलच्या बेताचा चौकोनी-आयताकृती तुकडा हवा असेल तर तो बहुतेक नव्याने, ग्राहकासाठी विणलेला असेल. त्यात वाईट काही नाही. जुना अरुंद तुकडा फारच आवडला, तर तो मोठ्या ज्यूटच्या किंवा काथ्याच्या साध्या चटईवर आडवा टाका. खालची चटई खोलीचा आकार सांभाळते आणि वरचा गालिचा खुलतो. किंवा तो भिंतीलगत घालून वर गादी, लोड-तक्के मांडा. सासू-सासऱ्यांच्या बसण्याची सोय तिथेच होते.

रंगाचं सांगते. बेज फरशीवर पांढराफटक गालिचा विरघळून जातो. जवळून छान, दाराशी उभं राहून पाहिलं तर काहीच नाही. तुमच्या फरशीला लाल, गंजाचा तांबडा, गडद निळा किंवा काळ्या-पांढऱ्याची ठसठशीत वीण हवी. कोटा किंवा लाल कोब्याची जमीन असती तर मी पांढऱ्याकडे झुकले असते. सागवानाचा तांबूस रंग आणि मंजिष्ठेचा लाल एकमेकांना धरून असतात, फक्त सोफ्याचं कापड तेव्हा साधं ठेवा: खादी, जाडं सुती, कच्च्या सुताचा रंग. उशांवर पैठणीचे काठ, पडद्यावर कलमकारी आणि खाली ताझनाख्त, हे तिन्ही सुंदर आणि तिन्ही एकत्र नकोत. गालिच्यातला सर्वांत कमी वापरलेला रंग उचलून एखाद्या उशीला द्या. बाकी काही जुळवायच्या भानगडीत पडू नका.

आणि दिवे बदला. आपल्या घरांत पांढरे, ६५०० केल्विनचे एलईडी असतात. त्या उजेडात लोकर निळसर, मेल्यासारखी दिसते आणि लाल रंग काळवंडतो. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लावा, त्यांतला एखादा कमी उंचीवर, गालिच्याच्या कडेला. सगळ्या सजावटीत याइतका स्वस्त आणि उघड फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

टिकल्यांची पांढरी हांदिरा, म्हणजे नवरीने खांद्यावर घ्यायची शाल, भिंतीसाठी घेण्याचा मोह होईल. घ्या, पण ती जड असते. खिळे ठोकू नका. मागून वरच्या काठाला रुंद सुती पट्टी हाताने शिवा, त्यातून लाकडी दांडी घाला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं विभागतं. पायाखाली मात्र ती कधीच नको.

आता बाजार. माराकेशच्या जुन्या शहरात रहबा कदीमा चौकालगत गालिच्यांची पेठ आहे. पाहायला जरूर जा, नजर तयार होते. खरेदीला घाई नको. गालिचा पालथा करा. हाताच्या गाठींचा असेल तर मागे गाठींच्या ओळी आणि मधला बाणा दिसतो, थोडा वाकडा-तिकडा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो गाठींचा नाहीच, पिस्तुलासारख्या यंत्राने धागे खुपसून केलेला आहे. झालरीचा एखादा धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन जाळा. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होते. पांढरा रुमाल ओला करून गडद रंगावर मिनिटभर दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर तो गालिचा पुण्याच्या पावसाळ्यात शेजारच्या पांढऱ्यालाही लावणार. नव्या लोकरीला मेंढीचा मंद वास असतो, तो जातो. ब्लीचचा वास मात्र वाईट खूण. पांढरेपणा आणायला काही जण लोकर ब्लीच करतात, मग ती कोरडी आणि ठिसूळ होते. हातात चोळली तर तुटक धागे गळतात. चांगली लोकर दाबली की परत उसळते आणि बोटांना किंचित तुकतुकीत लागते. ‘शंभर वर्षं जुना’ या वाक्याला पैसे देऊ नका. उन्हात टाकून, धुऊन, लव जाळून गालिचा जुना करता येतो.

इथे भारतात ‘बर्बर’ नावाने जे विकलं जातं, त्यातलं बरंच काही भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यात बेनी ओराइनच्या धर्तीवर बनतं. भदोहीचे कारागीर कसलेले आहेत आणि त्यांचा गाठींचा गालिचा भदोहीचा म्हणून अभिमानाने घ्यावा. मोरोक्कोचा म्हणून विकला तर इथले विणकरही फसतात आणि तिथलेही.

पैसा कुणाच्या हातात जातो, याची मला खरोखर काळजी वाटते. विणकर बाई आठवडी बाजारात तयार गालिचा विकते, तिथून तो एका हातातून दुसऱ्या हातात जात शहरात पोहोचतो आणि दुकानातल्या किमतीतला लहानसा वाटाच तिच्या पदरात पडलेला असतो. दोन-अडीच मीटरच्या गालिच्याला लोकर धुण्या-पिंजण्यापासून धरलं तर कित्येक आठवड्यांची, कधी महिन्यांची मेहनत असते. शक्य असेल तर ताझनाख्तला जाऊन बायकांच्या सहकारी संस्थेतून घ्या. अनू ही कारागिरांच्या मालकीची संस्था ऑनलाइन विक्री करते आणि कुणी विणलं ते सांगते. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात उच्च ॲटलासमधली कितीतरी गावं उद्ध्वस्त झाली. तिथल्या घरांना विणकामाचं उत्पन्न आता पूर्वीपेक्षा जास्त हवं आहे. पेठेतल्या दुकानात घासाघीस ही रीतच आहे, तिथे खुशाल करा. विणणारीच्या दारात मात्र करू नका.

सपाट विणीचा गालिचा (किलीम) घडी करून बॅगेत मावतो. दोन बाय तीन मीटरचा जाड लवेचा गालिचा सहज पंधरा-वीस किलो भरतो, तो पार्सलने मागवावाच लागतो. बिलावर माप, साहित्य आणि किंमत स्पष्ट लिहून घ्या, कस्टममध्ये तेच दाखवायचं असतं.

निगेचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओल. आपल्याकडे रोज फिनेलच्या पाण्याने फरशी पुसतात आणि ओल्या फरशीवरच गालिचा परत पसरतात. बुरशी तिथूनच येते. फरशी पूर्ण वाळू द्या, मग पसरा. खाली जाळीदार रबरी अस्तर घाला. गालिचा घसरत नाही आणि खालून हवा खेळते. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश बंद ठेवा, नुसतं ओढणं पुरे. सुरुवातीचे काही महिने लोकरीची फुलं निघतील, घाबरू नका. वर आलेला धागा ओढू नका, कात्रीने कापा. दूध, वरण, चहा सांडला की लगेच सुती कापडाने वरून दाबून टिपा, घासू नका, मग थंड पाणी आणि थोडा सौम्य साबण. गरम पाणी लोकरीला नको. वर्षातून दोनदा गालिचा फिरवून घाला, म्हणजे खिडकीकडच्या एकाच बाजूचा रंग उडत नाही.

कसर लागणं ही दुसरी भीती. पतंग नव्हे, त्याच्या अळ्या लोकर खातात, आणि त्यांना अंधारी, न हललेली जागा लागते. म्हणजे सोफ्याखालचा भाग. महिन्यातून एकदा सोफा सरकवून तिथे पाहा. पावसाळ्यात गुंडाळून ठेवणार असाल तर आधी स्वच्छ करा, पालथा घालून काही तास ऊन दाखवा, घडी न घालता गुंडाळा आणि सुती चादरीत बांधा. प्लास्टिक नको, आत घाम धरतो. वेखंड, कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर ठेवा, पण भरवसा स्वच्छतेवर आणि अधूनमधून उलगडण्यावर ठेवा. डांबरगोळ्या बाळाच्या घरात अजिबात नकोत. लहान तुकड्याला कसर लागलीच तर पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग नीट झाडा.

इतकं सांगूनही मन त्या पांढऱ्या बेनी ओराइनवरच असेल, तर तो बेडरूमसाठी घ्या. पलंगाच्या एका बाजूला, सकाळी पाय टेकतील तिथे, लहान माप. तिथे जेवण येत नाही, वर्दळ नाही, चपला नाहीत. जूनच्या पहिल्या पावसाआधी गुंडाळा आणि दिवाळीच्या साफसफाईनंतर पुन्हा पसरा. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत त्याचा पुरेपूर उपयोग होईल.